अनवाणी खेळाडूचा दुसरा साक्षीदार

जगातला सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण, या प्रश्नावर बोलायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. शाळेत दोन-चारदा मैदानावर उतरलो असेन, पण मी चेंडूला पाय मारला म्हणण्यापेक्षा चेंडू येऊन मला लागला म्हणणं जास्त खरं. तरीही या वादात मी एकदा साक्ष दिली, आणि ती खोटी होती. या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. मी चाळिशी ओलांडली. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं बायको म्हणते. तिचं चूक नाही. पण त्या साक्षीची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच माणसानं मोजली, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा मी बंगळूरच्या पूर्वेला, महादेवपुऱ्याच्या अलीकडच्या एका यंत्रांच्या कारखान्यात कारकून होतो. आता तिकडे वस्ती वाढते आहे. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं होती. कारखान्याची बस सकाळी कॉटनपेटच्या तोंडाशी यायची, तिथून दंडूत शिरायची, हलसूरच्या तळ्याला वळसा घालून पुढे निघायची. दंडू म्हणजे छावणीचा भाग, जिथे पूर्वी गोऱ्या पलटणी राहायच्या. प्रवास जवळजवळ तासाभराचा. त्या तासाभरात बसच्या मागच्या चार बाकांवर फुटबॉलखेरीज दुसरा विषय क्वचितच निघायचा.

या वादाला नियम होते. ते आमच्या कारखान्यातल्या इन्स्पेक्टरांनी घालून दिले होते. इन्स्पेक्टर म्हणजे तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मोजून पास करणारा माणूस. मैसूरकडचे, जेवणाचा डबा मांडीवर घट्ट धरून बसणारे, फार कमी हसणारे गृहस्थ. कुणी एखाद्या खेळाडूचं नाव काढलं की ते विचारत, "पाहिलंय की वाचलंय?" पाहिलेल्याला पूर्ण मत, वाचलेल्याला अर्धं. इन्स्पेक्टरांच्या वहीत मोठ्या खेळाडूंची यादी होती; तिच्यात नाव चढवायचं तर प्रत्यक्ष पाहिलेले दोन साक्षीदार हवेत. दोन का, तर वेल्डिंगमधल्या एकानं पूर्वी स्वतःच्या मेहुण्याचं नाव घातलं होतं आणि ते महिनाभर यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

नियमांतून इन्स्पेक्टरांचीही सुटका नव्हती. त्यांचा आवडता खेळाडू हंगेरीचा होता.

"त्याच्यापुढे कुणी उभा राहणार नाही," ते एकदा म्हणाले.

"स्वामी, पाहिलंय की वाचलंय?" हलसूरला चढणाऱ्या पेंटरनं विचारलं. हा पेंटर तमिळ, चाळिशीचा, एकेकाळी हलसूरच्या एका संघात बॅक म्हणून खेळलेला.

"वाचलंय."

"मग अर्धाच माणूस झाला तो. डावा अर्धा तुम्ही ठेवा, उजवा आम्हाला द्या."

पेंटरचा स्वतःचा उमेदवार कलकत्त्याहून खेळायला आलेला एक फॉरवर्ड होता. "मी त्याच्या विरुद्ध खेळलोय," तो सांगायचा. "खेळलोय म्हणजे, तो माझ्या शेजारून गेला तेव्हा मी तिथे होतो."

एकदा सिनेमाच्या आधी दाखवतात त्या वार्तापटात ब्राझीलच्या संघाचा सामना आला आहे, अशी बातमी लागली. आमच्यातले आठ-दहा जण रविवारी मॅटिनीला गेले. मीही गेलो. पडद्यावर सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ दिसला. सोमवारी बसमध्ये मोठा पेच: वार्तापटात पाहिलेलं हे पाहिलेलं धरायचं की वाचलेलं? इन्स्पेक्टर तळं येईपर्यंत विचार करत होते. पेंटर म्हणाला, "कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू नसताना माणूस काय करतो ते कळल्याशिवाय त्याला मोठा कसा म्हणू?" शेवटी पाऊण मत ठरलं.

मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं. फुटबॉलमुळे नव्हे. एक माणूस हजारो लोकांनी पाहिला, शंभर वर्तमानपत्रांनी छापला. दुसरा माणूस कदाचित त्याच्याहून चांगला, पण त्याला पाहणारा एकच माणूस जिवंत. मग या दोघांना एका तराजूत घालायचं कसं? हा प्रश्न मला कचेरीत हिशेबाचे कागद लावतानाही सोडायचा नाही.

तो एकच जिवंत माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले अण्णा.

अण्णांचं घर आमच्यापासून तिसरं. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. घरात मराठी, पण निम्मे शब्द कानडी. अण्णा कारखान्यात टर्नर होते, लेथवर काम करायचे. त्यांची ख्याती अशी की त्यांनी "बरोबर आहे" म्हटलं की इन्स्पेक्टर मायक्रोमीटर खिशातून काढत नसत. इतर सगळ्यांचे तुकडे मोजले जात, अण्णांचा तुकडा सरळ पास झालेल्यांच्या ट्रेमध्ये जाई. सहाशे माणसांच्या कारखान्यात हा मान एकट्या अण्णांचा होता. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही, पण तुकडा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज ऐकूनच ते पुढच्या कामाला हात घालायचे.

अण्णांचा खेळाडू दंडूतल्या एका छोट्या संघात डाव्या बाजूला खेळायचा. अनवाणी, घोट्यांना फक्त पट्ट्या गुंडाळून, बूट घातलेल्या पलटणीच्या संघांविरुद्ध. अण्णांनी त्याला तरुणपणी दोन मोसम पाहिलं होतं. नंतर तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेला आणि तिथेच वारला. वर्तमानपत्रात त्याचं नाव कधी आलं नव्हतं. "आपण हातानं एखादी वस्तू उचलून ठेवतो ना," अण्णा सांगायचे, "तसा तो पायानं चेंडू ठेवायचा. मारायचा नाही. ठेवायचा."

"साक्षीदार आणा, अण्णा," बस म्हणायची.

"कुठून आणू? माझ्याबरोबर यायचे ते दोघेही गेले."

"मग राहू द्या."

चार वर्षं हे असंच चाललं. अण्णा रोज नाव काढायचे नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, जणू कुणाची विचारपूस करावी तसं.

अण्णांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा कारखान्याच्या वार्षिक दिनाला ही यादी कँटीनच्या फळ्यावर लावायची, असं कुणीतरी काढलं. इन्स्पेक्टरांनी शुक्रवारी यादी बंद करायचं जाहीर केलं. त्या शुक्रवारी अण्णांनी पुन्हा आपल्या माणसाचा विषय काढला.

"अण्णा," पेंटर म्हणाला, "तुमचा माणूस म्हणजे तुमच्या देव्हाऱ्यातला देव. पूजा करणारे तुम्ही एकटेच."

सगळे हसले. अण्णाही हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. आणि मी म्हणालो, "मी पाहिलंय त्याला."

दयेनं बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की माझ्या नोकरीच्या दोन वर्षांत त्या बसमध्ये मला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. आता सगळी बस माझ्याकडे वळली होती.

"तू? तू तेव्हा केवढा होतास?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"सहा वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं."

आणि मग मी तो गोल रचला. पाऊस नुकताच पडून गेलेला, मैदानात घोटाभर चिखल, बूट घातलेले सैनिक चिखलात रुतलेले. आणि हा अनवाणी माणूस डाव्या कडेनं तिघांना चुकवत आला आणि त्यानं चेंडू कोपऱ्यात अलगद ठेवला. 'ठेवला' हा अण्णांचाच शब्द मी उचलला. वडिलांच्या हातातली छत्रीसुद्धा वर्णन केली. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि ते जन्मात फुटबॉलच्या मैदानावर गेले नव्हते.

इन्स्पेक्टरांनी वही काढून नाव लिहिलं. अण्णा मान वळवून माझ्याकडे बघत होते. मला ती कृतज्ञता वाटली.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी पेंटर हलसूरला चढला तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

"तंबी," तमिळ लोक धाकट्या भावाला म्हणतात तसं तो म्हणाला, "चिखल किती होता म्हणालास?"

"घोट्यापर्यंत."

"आणि तो अनवाणी."

"हो."

पेंटरनं चप्पल काढली आणि पाय माझ्या शेजारी बाकावर ठेवला. "हा पाय बघ. चौदा वर्षं अनवाणी खेळलोय. कोरड्या मैदानावर आम्ही बूटवाल्यांना रडवायचो. पण पाऊस पडला की संपलं. ओल्या जमिनीवर अनवाणी पाय म्हणजे साबण. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगड होतो, अंगठा मोडतो. ढग आले की आम्ही देवाला नवस बोलायचो, सामना रद्द कर म्हणून. पलटणीवाले आभाळाकडे बघून हसायचे. आणि तुझा माणूस घोटाभर चिखलात तिघांना चुकवून जातो, अन् बूटवाले तेवढे रुतून बसतात?"

खोटं बोलताना मला वाटलं होतं, पाऊस घातला की गोल मोठा दिसेल. दंडूतल्या कुठल्याही गल्लीतल्या माणसानं ही चूक केली नसती.

"मी लहान होतो," मी म्हणालो. "पाऊस कदाचित थोडाच असेल."

"स्वल्प पाऊस," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बस हसली.

इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्हाला आठवतो हा सामना?"

"लहान होता तो," अण्णा म्हणाले. "विसरला असेल."

"एका गल्लीतली दोन माणसं," पेंटर म्हणाला. "कट्ट्यावर बसून गोल तयार केला, आणि वरून दोन घागरी पाणी ओतलं."

इन्स्पेक्टरांनी वहीत रेघ मारली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरून गेलो असतो. कामाचे कागद पोचवायला मला रोज शॉपमध्ये, म्हणजे लेथ चालायचे त्या दालनात, जावं लागे. त्याच आठवड्यात एका दुपारी मी अण्णांच्या लेथपाशी उभा होतो. अण्णांनी तुकडा दिला. इन्स्पेक्टरांनी तो हातात घेतला, ट्रेकडे हात नेला, आणि हात मध्येच थांबला. मग त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला. अण्णा सुताच्या चिंध्यांनी हात पुसत उभे राहिले. माप बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तेही बरोबर. शनिवारपर्यंत तो रिवाजच झाला, आणि शेजारच्या लेथवरून कुणी विचारू लागलं, "अण्णा, हे माप ओलं की कोरडं?"

मी तीन आठवडे गप्प राहिलो. रोज ठरवायचो, आज बसमध्ये सांगायचं, आणि रोज कारखाना यायचा. शेवटी एका रविवारी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा अंगणात विळीला धार लावत बसले होते. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणत असू, दारात तांदूळ निवडत होती.

"अण्णा, मी तो सामना पाहिला नव्हता."

"ठाऊक आहे." त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं. "तुझे वडील आणि फुटबॉल? पोरं रस्त्यात खेळताना दिसली की ते बाजू बदलून जायचे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू तोंड उघडलंस तेव्हाच. पाऊस म्हणालास तेव्हा तर शंकाच उरली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा विळी घासत राहिले. "चार वर्षं एकटा होतो रे. तू पाहिलंय म्हणालास, तेव्हा स्वल्प वेळ मलाच वाटलं, खरंच पाहिलं असेल यानं. पावसाचं मैदान मनातल्या मनात मीच कोरडं करून घेतलं." मग म्हणाले, "कामावर असा तुकडा मी पुढे जाऊ दिला नसता. हा जाऊ दिला. आता इन्स्पेक्टर मोजतो ते बरोबरच करतो."

"मी उद्या बसमध्ये सांगतो. तुमचा काही दोष नाही म्हणून सांगतो."

"पहिलं सांग. दुसरं सांगू नकोस."

"त्या मेलेल्या माणसापायी तुम्ही दोघं मान खाली घालून फिरताय," अक्का तांदळातून मान वर न करता म्हणाली. "कॉफी घेणार की तीही दोन साक्षीदार असल्याशिवाय घेणार नाही?"

सोमवारी मी उभा राहून सांगितलं. बस हलत होती, मी वरची दांडी धरली होती. मी तो माणूस पाहिलेला नाही, वडिलांनीही नाही, सगळं अण्णांच्या तोंडून ऐकलेलं जोडून सांगितलं, आणि हे अण्णांना ठाऊक—

"ठाऊक होतं," अण्णा मध्येच म्हणाले. "मला ठाऊक होतं."

पेंटर माझ्याकडे बघत होता. "बस, तंबी," तो हळूच म्हणाला. "बस खाली." त्यानं मला शेजारी जागा दिली. त्या दिवशी कारखाना येईपर्यंत कुणी कुठल्याच खेळाडूचं नाव काढलं नाही.

इन्स्पेक्टरांनी त्यानंतर अण्णांचा प्रत्येक तुकडा मोजला, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. एकही परत आला नाही. कागद माझ्या हातातून जायचे, त्यामुळे मी हे खात्रीनं सांगू शकतो. एखादा तरी तुकडा चुकला असता तर ते मोजणं योग्य ठरून मला झोप लागली असती, असं म्हणायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

अण्णा निवृत्त झाले आणि मी सायकल घेऊन दर रविवारी दंडूत फिरू लागलो. कुणासाठी ते सांगायला नको. मैदानांच्या कडेला बसलेले म्हातारे गाठायचो. सुरुवातीला मी फार बोलायचो: डाव्या बाजूचा, अनवाणी, कोलारला गेलेला. सगळे म्हणायचे, हो, पाहिलाय. एकानं तर मला चिखलातला गोलही सांगितला. तेव्हा कळलं की साक्षीदाराला आपणच साक्ष पुरवतो. मग मी नुसतं विचारू लागलो, "तुमच्या काळी चांगलं कोण खेळायचं?" आणि गप्प राहू लागलो. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उघडले. पलटणींच्या संघांचे निकाल सापडले, त्यांच्या कप्तानांची नावं सापडली. हरलेल्या अनवाणी संघांची नावंसुद्धा धड छापलेली नव्हती, जिंकलेल्यांची तर नाहीच.

अशी पाच-सहा वर्षं गेली. कधी वाटायचं, तो माणूस होताच की नाही? मग अण्णांच्याच शब्दावर आपण शंका घेतोय हे ध्यानात यायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सायकल काढायचो.

हलसूरच्या मागच्या एका गल्लीत पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला एक म्हातारा राहतो, असं त्या पेंटरनंच मला सांगितलं. मध्यंतरात बँड वाजायचा, म्हणून हा प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला बसलेला. मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला आणि थांबलो. त्यानं चार-पाच गोऱ्यांची नावं घेतली. मग म्हणाला, "आपल्यातला एक होता. डावीकडचा. कोरड्या दिवशी बघावा. पावसात त्याला बाहेर बसवायचे, तेव्हा आमच्या बँडपाशी येऊन उभा राहायचा आणि क्लॅरिनेटकडे बघत बसायचा. पुढे खाणीत गेला."

मी जागचा हललो नाही. "चांगला होता?" एवढंच विचारलं.

"पाय सोन्याचा. पण आपमतलबी. पास द्यायचा नाही."

पुढच्या रविवारी मी अण्णांना घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, मी पायरीवर बसलो. अण्णांनी नमस्कार-चमत्कार होताच विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला बसायचात?"

"बँडपाशी. पूर्वेला."

"मग दुसऱ्या हाफमध्ये तुम्हाला त्याची पाठ दिसायची. पास दिला की नाही, पाठीवरून काय कळणार?"

"पाठ बघूनच कळतं. पास देणाऱ्याचे खांदे आधी वळतात. त्याचे वळायचे नाहीत."

"खांदे न वळवता द्यायचा तो. तीच तर गंमत होती."

"कुणाला द्यायचा? मधला बिचारा हात वर करून करून थकायचा."

अण्णांचा आवाज चढला. इतकी वर्षं मी त्यांना कधी भांडताना पाहिलं नव्हतं. एवढ्याशा अंगणात दोन म्हातारे एका मेलेल्या माणसाच्या खांद्यांवरून तावातावानं बोलत होते, आणि अण्णांचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता. मध्येच मी म्हणालो, "अण्णा, इन्स्पेक्टरांना पत्र टाकू का? आता ते मैसूरला असतात, पत्ता मिळेल. दुसरा साक्षीदार सापडला म्हणून कळवतो."

"थांब," अण्णा म्हणाले. "इथे अजून काही ठरलेलं नाही."

म्हातारा माझ्याकडे वळला. "तूच सांग. तिघं अंगावर आले, मधला मोकळा उभा आहे. पास द्यायला हवा होता की नाही?"

दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मी पाहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग गप्प ऐक," म्हातारा म्हणाला.

अण्णांनी खिशातून तपकिरीची डबी काढून दोन खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर डावीकडे ठेवली. "हा तो," ते म्हणाले. "आता तुमचा तो मधला कुठे होता ते दाखवा." म्हाताऱ्यानं चष्मा काढला, घडी केली, आणि डबीपासून हातभर अंतरावर ठेवला. अण्णा खाली वाकले आणि त्यांनी चष्मा बोटभर मागे सरकवला.